कासवीच्या डोणीतला पाहुणा

मु. कापडे, पोलादपूर
माघ वद्य ३

राजश्री भागोजीराव मेहुणे, मुक्काम मुंबई, यांसी सयाजीचा रामराम. इकडे आम्ही धडधाकट आहोत. तुमची प्रकृतीही ठीक असावी. हे पत्र पुरतं वाचायचं तर ती ठीकच हवी.

तुम्ही गोदीत लागलात याचा आम्हांस अभिमान होता. होता, असं लिहितो. मार्गशीर्षात तुम्ही कोणा जपानी खलाशाकडून घेतलेली ती पाण्यातली पाल (पाठ काळी, पोट कुंकवासारखं लाल) बिस्किटांच्या डब्यात घालून गावाकडे परतणाऱ्या आपल्या भिकूबरोबर धाडलीत. आत लाडू आहेत अशा समजुतीने भिकूने दासगाव बंदरापासून डबा गाडीत मांडीवर धरून आणला. उघडल्यावर तो जे बोलला ते पत्रात लिहिता येत नाही.

सोबत तुमची चिठ्ठी : ताईच्या कासवीला जोडीदार, एका डोणीत सोडा, सुखाने राहतील. मेहुणे, कासवीला विचारलं होतंत? नऊ वर्षं ती गोठ्यापुढच्या दगडी डोणीत एकटी आहे. (सासूबाईंनी लग्नात भांडी कमी दिली आणि ही दिली, तेव्हाही मी गप्प बसलो.) मी म्हटलं, चार दिवस मधे जाळी लावू, एकमेकांची तोंडं पाहू देत. तर तुमची बहीण साळूबाई म्हणते, "माझ्या भावानं लिवलंय ते खोटं हाय काय?" दिला सोडून. कासवीने मान काढली, पाहुण्याला नीट न्याहाळलं आणि त्याचं मागचं एक पाऊल तोडलं.

पण पाहुणा निघाला विषारी! कासवीने पाऊल थुंकलं आणि चार दिवस मान आत घेतली. साळूबाईनेही अन्न सोडलं. गोदूबाई शेजारीण डोणीत विष उतरल्याचं गावभर सांगून आली, म्हणून बैलांना मी नदीवर नेत होतो. पाचव्या दिवशी कासवीने घोसाळ्याचं पान खाल्लं. साळूबाई रडली, मग जेवली, मग माझ्यावर ओरडली, "तुमीच सोडलंत न्हवं त्याला!"

आता पाहुणा माझ्या अंघोळीच्या घंगाळात आणि मी माघाच्या थंडीत नदीवर. भिकू त्याला शिवायला तयार नाही. शिमग्याला स्वतः या आणि हे जनावर घेऊन जा. कळावे. लोभ सध्या नाही.

सयाजी

ता. क. शिमग्याला या, पण त्याला नेऊ नका. तुटल्या जागी मुगाएवढा कोंब आला होता, त्याला आता बारीक बोटं दिसतात. मी रोज मोजतो.

आणखी ता. क. तो गांडूळ फक्त माझ्याच हातून घेतो. चैत्रात इथली जमीन दगड होते, गांडूळ औषधालाही मिळत नाही. तेव्हा त्याला काय घालायचं ते खलाशाला विचारून उलट टपाली कळवा. त्याचं जहाज गेलं असल्यास दुसरं जपानी जहाज गाठा.