मॅडम, उजवा पाय

३ मार्च, सोमवार

मिळालं! चौकातलं ते काचेचं उंच ऑफिस — तिथल्या बायकांच्या नव्या पोशाखाचं काम आमच्या कपडे-बुटांच्या दुकानाला मिळालं. चाळीस जणी. करडं जाकीट, काळी पँट, काळे बंद बूट. मालक सकाळपासून हवेत. कपड्यांची मापं टेलरबाई घेणार, पायांची मी. "तुम्हीच जायचं," म्हणाले, "सव्वीस वर्षं बायकांचे पाय बघताय, तुमच्याइतकं कोणाला कळतं?"

मान हलवली आणि मागे गोदामात जाऊन खोक्यांवर बसून राहिले. त्या ऑफिसात माझी लेक नोकरी करते.

४ मार्च, मंगळवार

भिंगरीला अजून सांगितलं नाही. चोवीस वर्षांची झाली तरी घरात भिंगरीच.

ती आठवीत होती तेव्हाची गोष्ट मी कधी कोणाला सांगितली नाही, ह्यांनाही नाही. एका बाईंच्या पायाशी गुडघे टेकून बसले होते. पाय सहा नंबरचा, बाईंचा हट्ट चारचा! मी बुटाचा चमचा घालून टाच आत ढकलतेय, बाई माझ्याच खांद्याला धरून उभ्या. तेवढ्यात काचेबाहेरून भिंगरी मैत्रिणींबरोबर चाललेली. एकीने आत बोट दाखवलं. भिंगरीने वळून पाहिलं. माझ्याकडेच पाहिलं. आणि तोंड फिरवून पुढे गेली.

घरी आली, जेवली, अभ्यासाला बसली. ती काही बोलली नाही, मीही नाही. पोर होती, कळत नव्हतं. पण सलतं ते सलतंच.

नोकरीच्या अर्जात आईच्या कामापुढे तिने 'खासगी नोकरी' एवढंच लिहिलं. खोटं नाही म्हणा.

६ मार्च, गुरुवार

चहा पिताना सांगून टाकलं. भिंगरीचा कप हातातच राहिला.

"तू येणार? तू स्वतः?"

"मग काय दुसऱ्या आईला पाठवू?"

कप खाली ठेवून म्हणते, "आई, तो निळा ड्रेस घाल हं. आणि ते कापडी बूट नको ना, प्लीज! चांगले घाल. केसही नीट बांध."

हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, "अगं, आई मापं घ्यायला चाललीय, लग्नाला नाही." भिंगरी हसली नाही.

शहाण्याला शब्दाचा मार. कळलं मला.

९ मार्च, रविवार

काल भिंगरीच्या ऑफिसातल्या साहेबबाई नमुने बघायला आल्या होत्या. त्यांना टोकदार बूट हवेत, तीन इंच टाच. "स्मार्ट दिसतं." मी म्हटलं, दिसतं खरं, पण तुमच्या बायका दिवसभर जिने चढतात, उभं राहून माणसांशी बोलतात. दुपारी तीननंतर त्यांच्या तोंडावर जे दिसेल ते स्मार्ट नसेल! टोकदार बुटात बोटांची अवस्था म्हणजे दोघींच्या बाकावर पाच जणी. पुढे अंगठ्याएवढी मोकळी जागा हवी, टाच दोन बोटं, आत मऊ गादी, आणि कातडं असं की फडक्याने पुसलं तरी चमकावं. पँट बूट घालूनच बेतायची, नाहीतर काठ जमीन झाडत जातो. बाईंनी स्वतः घालून चार फेऱ्या मारल्या. पाचव्या फेरीला म्हणाल्या, "हेच."

मालक खूश. मीही झाले असते.

पण डोक्यात दुसरंच चाललंय. ठरवलं — तिथे भिंगरीला ओळख दाखवायची नाही. चार माणसांत मान खाली घालायची वेळ तिच्यावर माझ्यामुळे यायला नको. एवढं तर आईला जमायला हवं.

११ मार्च, मंगळवार

चारला सुरुवात केली. मापं मी नेहमी दुपारनंतरच घेते, तोवर पाय सुजून खऱ्या आकाराचा होतो. निळा ड्रेस घातला होता. चांगले बूटही.

पहिलाच पाय तिचा!

मी खाली वाकून मापाची पाटी मांडत होते. समोरच्या खुर्चीत कोणी बसलं, बूट काढला, पाय पुढे केला. करंगळी आत वळलेली, माझ्यासारखीच. तोंड बघायची गरजच नव्हती. मागे चार-पाच जणी उभ्या होत्या, त्यांची कुजबुज, हसू. मान वर केलीच नाही. म्हटलं, "मॅडम, उजवा पाय पाटीवर ठेवा. आपलं नाव?"

पाय पाटीवर आला, नाव आलं नाही.

"नाव, मॅडम?"

तिने नाव सांगितलं. आडनावासकट. मी लिहून घेतलं. पाच नंबर, चवडा रुंद. पाय गार पडला होता, बोटं घट्ट आखडलेली. तोंड खोटं बोलतं, पाय बोलत नाही. माणूस लाजला की बोटं अशीच आत ओढून घेतो. मागच्या बायकाही एकदम गप्प झाल्या. म्हणजे कोणाला संशय आला नाही. सुटलो एकदाचे!

"थँक यू," म्हणाली आणि उठून गेली.

उरलेल्या एकोणचाळीस जणींची मापं कशी घेतली, माझं मला ठाऊक. कोणीच फारसं बोलत नव्हतं.

बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले. जिला बोट धरून चालायला शिकवलं तिला मी मॅडम म्हटलं, आणि तिने ते चालवून घेतलं! ओळख द्यायची नाही हे मीच ठरवलं होतं, मान्य. पण आतून वाटत होतं, ती देईल. एकदाच 'आई' म्हणाली असती, बाकी काही नको होतं.

१२ मार्च, बुधवार

जेवायला तिघं. बोलली ती फक्त भांडी.

१६ मार्च, रविवार

ह्यांनी विचारलं, "तुमच्या दोघींचं बिनसलंय का?" मी म्हटलं, कुठे काय! तिनेही तेच सांगितलं. त्याच शब्दांत. तेवढं अजून एकीसारखं दुसरीचं आहे.

२० मार्च, गुरुवार

भिंगरीने बदली घेतली. दूरच्या शाखेत, आगगाडीने अकरा तास. दिवाणखान्यात उभी राहून एका दमात सांगितलं. हीच बदली तिने जानेवारीत नाकारली होती. "तुम्हाला सोडून कुठे जाऊ?" म्हणाली होती तेव्हा.

आता जावंसं वाटतंय. साहजिक आहे. इथे राहिली तर कधी ना कधी कोणाला कळणारच, आई लोकांच्या पायाशी बसते ते.

२९ मार्च, शनिवार

तिची बॅग भरली. नवी दोन जाकिटं अस्तर बाहेर करून घडी केली, म्हणजे चुरगळत नाहीत. बुटांत कागदाचे बोळे भरले. काय घालू, काय काढू असं करत उगाच वेळ काढत होते. ती पलंगावर बसून बघत होती.

"आई, त्या दिवशी ऑफिसात..."

तिला पुढे बोलूच दिलं नाही. माफी मागायला लागली असती बिचारी. म्हटलं, "सोड गं ते. मला काहीच वाटलं नाही."

"काहीच नाही?"

"छे! कामाच्या ठिकाणी कसली आई आणि कसली मुलगी!"

ती उठली आणि बॅगेची चेन स्वतःच ओढली. निदान तिच्या मनावरचं ओझं तरी उतरवलं मी.

३० मार्च, रविवार

गेली. ह्यांना मिठी मारली. मला म्हणाली, "येते."

४ एप्रिल, शुक्रवार

फोन आला, ह्यांच्या फोनवर. खोली बरी आहे म्हणे.

आज एका गिऱ्हाइकाला दोन्ही बूट डाव्या पायाचे दिले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

८ एप्रिल, मंगळवार

भिंगरीच्या ऑफिसातली एक मुलगी तिच्या आईला बूट घ्यायला घेऊन आली. मला बघितल्याबरोबर आईला म्हणाली, "आई, या बघ, मी सांगत होते ना — माझ्या मैत्रिणीच्या आई."

माझ्या हातातलं खोकं खाली पडलं. "तुला कोणी सांगितलं?"

"तिनेच की! आदल्या दिवशी मजलाभर सांगत फिरत होती, उद्या माझी आई येणार, पायाला हात लावून नंबर सांगते. आम्हा सगळ्यांशी तुमची ओळख करून द्यायची म्हणून पहिला नंबर लावून बसली होती." मग जरा आवाज खाली आणून म्हणाली, "आणि तुम्ही तिला नाव विचारलंत, काकू."