कुणीच न वापरलेला 'इतर'

५ मे, सोमवार
रोजनिशी पुन्हा सुरू. मागची जानेवारीत सुरू केली होती, ती संक्रांतीपर्यंत चालली. तेव्हा कामाचा ताण होता. आता तसं काही होणार नाही.

ऊन त्रेचाळीसच्या वर. ऑफिस नवी पेठेत, कापडाच्या दुकानाच्या माडीवर. एसी फक्त चनबसप्पा सरांच्या केबिनमध्ये. मालक म्हटल्यावर ते आलंच. मी सीनियर असल्यामुळे मला खिडकी दिली आहे. खिडकीतून रिक्षांचे हॉर्न येतात, वारा येत नाही.

काम आलं. रक्तपेढीचं सॉफ्टवेअर आपलं, म्हणजे मुळात माझंच. त्यात रक्ताच्या प्रत्येक पिशवीला एक स्टेटस असतं आणि त्यासाठी ठरलेलेच शब्द चालतात: उपलब्ध, राखीव, दिली, बाद, इतर. रक्तपेढीच्या डॉक्टरबाईंना आणखी एक हवाय, 'तपासणी बाकी'. रक्तदान शिबिरातून आलेली पिशवी तपासणीच्या आधीच स्क्रीनवर 'उपलब्ध' दिसते. काउंटरवरचा टेक्निशियन अमृत अशा पिशव्यांना हाताने पट्टी चिकटवतो. एखादे दिवशी पट्टी निघाली तर काय, असं बाईंचं म्हणणं. रास्त आहे.

एका ओळीचं काम. सरांना म्हणालो, चहा यायच्या आत करून देतो. सर म्हणाले, आधी चहा येऊ द्या. विनोदी स्वभाव आहे त्यांचा.

६ मे, मंगळवार
शिवलीलाशी चर्चा. ती माझ्या हाताखाली आहे. हुशार, पण घाबरट.

तिचं म्हणणं असं की नवा शब्द यादीच्या शेवटी जोडायचा आणि बाकी कशाला हात लावायचा नाही. आधी टेस्टच्या कॉपीवर बघायचं. मग प्रोग्रामला नवा शब्द ओळखायला शिकवायचं. काही काढायचं झालं तर ते सगळ्यात शेवटी, कुणी वापरत नाही याची खात्री करून.

मी तिला समजावलं की चांगल्या चादरीला ठिगळ लावत नाहीत. पिशवीचा प्रवास तपासणीपासून सुरू होतो, म्हणून 'तपासणी बाकी' पहिल्या नंबरवरच पाहिजे. आणि हात घातलाच आहे तर 'इतर' काढून टाकू. 'इतर' म्हणजे प्रोग्रामरचा आळस. कुणीच वापरत नाही.

ती म्हणाली, लाइव्ह डेटाबेसवर, म्हणजे रक्तपेढीत रोज चालतो त्यावर, एकदा मोजून बघू का. मी म्हणालो, माझा डेटा मला पाठ आहे. मग ती जागेवर जाऊन बसली. ऐकून घेते, हा तिचा मोठा गुण.

७ मे, बुधवार
लॅपटॉपवर टेस्ट केली. क्षणात झालं. 'इतर' मोजले, एकही नाही. (लॅपटॉपवरची कॉपी लॉकडाउनच्या वेळची आहे. पण सवयी काही बदलत नाहीत.)

घरी बायकोनं, यशोदेनं, विचारलं की एवढे खुशीत का. तिला सोप्या शब्दांत सांगितलं: रेशन कार्ड पिवळं, केशरी नाहीतर पांढरं असतं, चौथा रंग चालत नाही, तसाच हा स्टेटसचा कॉलम. उद्या सरकारला नवा रंग आणायचा असेल किंवा एखादा बंद करायचा असेल, तर नियम बदलावा लागतो. तेच मी करतोय.

तिनं विचारलं की केशरी बंद केलं तर ज्यांच्या घरात केशरी कार्ड आहे त्यांचं काय.

बिचारीला मुद्दाच कळला नाही. पाणी आलं होतं, त्यामुळे विषय तिथेच राहिला. दोघांनी मिळून पिंप भरलं. कंबर धरली.

९ मे, शुक्रवार
बदल लाइव्ह केला.

शिवलीला म्हणत होती, पहाटे करू, तेव्हा काउंटरवर गर्दी नसते. ज्यांना स्वतःवर विश्वास नाही ते पहाटे उठतात. मी भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन, शांत चित्तानं, भर दुपारी केला.

लॅपटॉपवर क्षणात झालेलं काम इथे बराच वेळ चाललं. नवा शब्द सुरुवातीला घातला म्हणून डेटाबेस अख्खा टेबल नव्यानं लिहायला बसला, आणि तोवर कुणालाच काही लिहिता येईना. काउंटर अडकला. अमृतचे फोन यायला लागले. ऑपरेशन चालू असताना सर्जन फोन घेत नाही. मीही फोन पालथा ठेवला.

शेवटी झालं. एरर एकही नाही. वॉर्निंग बऱ्याच आल्या, पण वॉर्निंग म्हणजे एरर नव्हे. एसटीत जागोजागी सूचना लिहिलेल्या असतात, तरी गाडी चालतेच. शिवलीला वाकून विचारत होती की वॉर्निंगमध्ये काय लिहिलंय. तोवर मी विंडो बंद केली होती. सवय.

१० मे, शनिवार
सरांना ईमेल केला: काम यशस्वी. अडथळा किरकोळ.

संध्याकाळी पाय मोकळे करायला तलावाकडे गेलो. इंजिनीअरिंग कॉलेजात या विषयावर एक व्याख्यान द्यावं असं मनात आलं. मुलांना पुस्तकी सांगणारे पुष्कळ असतात. अनुभवाचं सांगणारं कुणी नसतं.

१२ मे, सोमवार
रक्तपेढीतून फोन. आज अमृतची सुट्टी, बदली माणूस होता. म्हणाला, काही पिशव्या स्क्रीनवर दिसत नाहीत. मी म्हणालो, रिफ्रेश करा. परत फोन आला, रिफ्रेश केलं. मग बंद करून चालू करा म्हणालो. त्यानंतर फोन आला नाही. बहुतेक अडचणी अशाच सुटतात.

डोकं दुखतंय. फॅनचा वारा गरम.

१३ मे, मंगळवार
सविस्तर लिहायची ताकद नाही. तरी लिहितो, कारण उद्या लोक काहीही सांगतील.

सकाळी अमृत कामावर आला आणि त्यानं थेट सरांना फोन लावला. सरांनी मला बोलावलं. केबिनमधला एसी आज फार थंड लागला.

झालं असं की 'इतर' वापरात होता. 'राखीव' केलेली पिशवी तीन दिवसांत आपोआप मोकळी होते. ही सोय मीच केलेली, आणि चांगली आहे. पण थॅलेसेमियाच्या मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त लागतं, आणि त्यांची पिशवी जास्त दिवस बाजूला ठेवावी लागते. म्हणून अमृत त्या पिशव्यांना 'इतर' करून ठेवायचा. कुणी सांगितलं होतं, विचारलं, तर म्हणाला, कुणी नाही, चालत होतं. मी 'इतर' काढला तेव्हा डेटाबेसनं त्या सगळ्या पिशव्यांचं स्टेटस कोरं करून टाकलं. वॉर्निंगमध्ये तेच लिहिलं होतं म्हणे. कोरं स्टेटस स्क्रीनवर कुठल्याच यादीत येत नाही.

बॅकअप होता. पण जागा वाचावी म्हणून बॅकअपची फाइल एकच ठेवली आहे, रोज तिच्यावरच नवी लिहिली जाते. शुक्रवारनंतर ती पुन्हा पुन्हा लिहून झाली होती. काटकसर गुन्हा नाही.

सर ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, तिकडे जाऊन बसा, आणि शिवलीलाला बरोबर न्या.

रक्तपेढीच्या बाकावर एक बाई बसली होती. नाव रेश्मा, वैरागहून आलेली. शेजारी तिची मुलगी चेतना, सात वर्षांची, बाकावर आडवी झालेली. ओठांचा रंग गेलेला. दोघी काल सकाळच्या एसटीनं आल्या. बदली माणसानं स्क्रीन बघून सांगितलं की तुमची पिशवी नाही. बाई मुलीला घेऊन उन्हात दोन ठिकाणी फिरून आली. मे महिन्यात शिबिरं कमी, रक्त कुठंच नव्हतं. रात्र दवाखान्यात काढली.

आज अमृतनं फ्रिज उघडला, तर पिशवी होती. चेतनाच्या नावाची पट्टीसुद्धा होती. पण डॉक्टरबाईंनी द्यायला नकार दिला. ज्या पिशवीला स्टेटस नाही, तिचं काय झालंय ते त्यांना माहीत नाही. पुन्हा तपासून मगच देणार. त्याला दुपार होणार होती.

रेश्माला अमृतनं सांगून टाकलं होतं की कॉम्प्युटरचे साहेब आलेत. ती उठून उभी राहिली. मला वाटलं आता आवाज चढवेल. तिनं साधंच विचारलं.

"साहेब, पिशवी फ्रिजात हाय आन् कॉम्प्युटरात न्हाय म्हनत्यात. मग आमी कुनाचं खरं धरायचं?"

मी म्हणालो, तांत्रिक बाब आहे. ती म्हणाली, व्हय, आणि खाली बसली. मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारत राहिली.

मग शिवलीला लॅपटॉप घेऊन बसली आणि मी फ्रिजपाशी. एकेक पिशवी बाहेर काढायची, नंबर वाचायचा, पट्टीवरचं नाव वाचायचं, परत ठेवायची. अमृत शेजारी उभा राहून, ही करमाळ्याच्या मुलाची, ही अक्कलकोटची, असं सांगत होता. बाहेर एवढं ऊन आणि माझी बोटं बधिर. चष्म्यावर धुकं. प्रत्येक पिशवीमागे कुणीतरी बाकावर बसलेलं असणार, असा विचार दोनदा आला. कामात व्यत्यय नको म्हणून बाजूला सारला. तो पुन्हा आला.

चारच्या सुमारास चेतनाला रक्त लावलं. काचेतून पाहिलं. तिला माझ्याकडे बघायचं काही कारण नव्हतं, तरी बघत होती.

घरी जेवण गेलं नाही. यशोदेनं ताक केलं. ऊन लागलं असावं.

१५ मे, गुरुवार
मीटिंग झाली. मी सुरुवातीलाच सांगितलं की संवाद कमी पडला. कुणाचा, ते सांगितलं नाही. मोठेपणा.

शिवलीलानं 'इतर' परत आणला, शेवटी जोडून. काउंटर एक क्षणही थांबला नाही. नशीब चांगलं तिचं. बॅकअपच्या फाइली आता वेगवेगळ्या राहणार. वॉर्निंग वाचल्याशिवाय पुढचं पाऊल नाही, असंही ठरलं. यातलं बरंचसं माझ्या मनात होतंच.

सरांनी सांगितलं की यापुढे लाइव्ह डेटाबेसवर शिवलीलाच्या होकाराशिवाय कुणी काही चालवायचं नाही. 'कुणी' म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही, म्हणजे नियम सर्वांसाठी आहे. माझ्याकडे आता योजना आणि मार्गदर्शन. या वयात हात चालवण्यापेक्षा डोकं चालवणं बरं.

पासवर्ड बदललाय. नवा मला कळवलेला नाही. राहून गेलं असेल.

१९ मे, सोमवार
रक्तपेढीत फोन केला. सहज. अमृतला विचारलं, ती वैरागची मुलगी कशी आहे. तो म्हणाला, त्याच दिवशी घरी गेली, आता जूनमध्ये येईल. आणखी काही काम होतं का, विचारलं. नव्हतं.

तिची पुढची पिशवी स्क्रीनवर दिसते का, तेवढं बघायला सांगितलं. दिसते म्हणाला. फ्रिजमध्येही बघ म्हणालो. तो म्हणाला, बघतो.

२६ मे, सोमवार
डॉक्टरबाईंची नवी मागणी. थॅलेसेमियाच्या मुलांच्या पिशव्यांना स्वतःचं स्टेटस हवं: 'मुलांसाठी राखून'. म्हणजे 'इतर'ची गरज राहणार नाही. 'तपासणी बाकी'ला हात लावायचा नाही.

हे माझंच काम. या विषयातला जखमी माणूस मीच आहे. सरांना म्हणालो की या वेळी एक ओळसुद्धा घाईनं लिहिणार नाही, आधी पूर्ण आराखडा देतो. सर म्हणाले, द्या, सावकाश द्या.

शिवलीलानं विचारलं, मी सुरू करू का. तिला सांगितलं की घाई नको, आराखडा येऊ दे. ती बरं म्हणाली.

३० मे, शुक्रवार
आराखडा वाढतोय. धोके, उपाय, उपायांचे धोके. कोणत्या दिवशी काय, कुणी कुणाला फोन करायचा, रिक्षा कुठे उभी ठेवायची (अचानक जावं लागलं तर). एक आकृती काढली. यशोदेला दाखवली, ती म्हणाली छान आहे, रंगीत कर.

रंगीत केली.

दुपारी फार थकवा येतो. झोप नीट लागत नाही. पिशव्या मोजत असतो.

५ जून, गुरुवार
आराखडा पूर्ण. स्पायरल बाइंडिंग करून आणलं. मुखपृष्ठावर माझं नाव, खाली थोडं लहान अक्षरात शिवलीलाचं. तिला आनंद होईल म्हणून आधी तिलाच दाखवायला गेलो.

तिनं पानं चाळली, सगळी चाळली, हे खरं. आकृतीपाशी थांबली. मी म्हणालो, पहिला टप्पा पुढच्या आठवड्यात सुरू करू, तुझी तयारी आहे ना.

तिनं आराखडा मिटून ठेवला. मग म्हणाली, "ते झालं की सर. मंगळवारीच."

मी विचारलं, काय झालं. म्हणाली, नवं स्टेटस. शेवटी जोडलं, अमृतनं पिशव्या एकेक करून त्यात हलवल्या, 'इतर' कुणाकडे उरला नाही ते लाइव्हवर मोजून बघितलं. 'इतर' अजून काढलेला नाही, महिनाभर तसाच ठेवणार. काल वैरागची ती मुलगी येऊन रक्त लावून गेली. संध्याकाळची एसटी मिळाली त्यांना.

काही अडचण आली का, विचारलं. ती म्हणाली, नाही, कुणाला कळलंसुद्धा नाही. चांगलं झालं म्हणजे असंच असतं, अशा सुरात म्हणाली.

मंगळवारी मी दिवसभर ऑफिसातच होतो. तिच्या शेजारच्या टेबलावर.