गाडीखालचा डाग

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (पंधरवड्यापूर्वी मी तो खरोखरच घातला, तुला नव्हे, गाडीला. त्यामुळे नुसता शब्द लिहितानाही पाठीत कळ येते.) दाजींचा गुडघा त्यांना आता जिना चढू देतो का, ते कळव. तुझी झोप कशी आहे? इकडे सगळं ठीक आहे. हे वाक्य मी दर पत्रात लिहितो आणि तू त्यावर कधीच विश्वास ठेवत नाहीस, तेव्हा सरळ सांगतो. बाबांच्या गाडीतून ऑइल गळायला लागलं.

मागच्या महिन्यात तू परत निघालीस तेव्हा दारात चप्पल घालता घालता निकाल दिला होतास, की गाडी तेवीस वर्षांची आणि बाबा अठ्ठ्याहत्तर. गाडीने आता एक जरी कुरकुर केली तरी ती विकून टाकायची. मी मान डोलावली होती. (तुझ्यापुढे मी लहानपणापासून तेच करत आलोय, मानेला दुसरी हालचाल माहीतच नाही.) बाबा खिडकीपाशी पेपर वाचत होते आणि त्यांना ऐकू गेलं नाही, असं आपण परस्पर ठरवून टाकलं. चांगलं ऐकू गेलं होतं. गाडी गेली की दर गुरुवारी कारखान्यातल्या जुन्या फोरमनकाकांकडे जाऊन बुद्धिबळात हरणं संपलं, हे त्यांना तेव्हाच कळलं. काका राहतात पार दुसऱ्या टोकाला. मी नेऊन सोडीन म्हटलं, तर बाबा म्हणतात, मला पार्सल झाल्यासारखं वाटतं.

तर, डाग पहिल्यांदा दिसला तो तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांना. त्यांनी त्याच्याभोवती खडूने गोल काढून शेजारी तारीख घातली. दुसऱ्या दिवशी डाग गोलाबाहेर आला, म्हणून दुसरा गोल आणि दुसरी तारीख. चार दिवसांत आमच्या पार्किंगमध्ये भूगोलाच्या पुस्तकात डोंगराचा असतो तसा, गोलात गोल नकाशा तयार झाला आणि मुख्याध्यापक येणाऱ्याजाणाऱ्याला तो समजावून सांगू लागले. (त्यांनी तक्रार मुळीच केली नाही. आपण फक्त निरीक्षण नोंदवतोय, असं ते तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.) मी खाली वर्तमानपत्रं पसरली, मग पुठ्ठा, मग हिचा केक भाजायचा ट्रे. ही सध्या माझ्याशी मोजकंच बोलते.

गळतं कुठून ते बघावं म्हणून मी टॉर्च दातात धरून गाडीखाली शिरलो. कुठून ते कळलं नाही, पण कुठे ते कळलं, कारण पहिला थेंब चष्म्याच्या डाव्या काचेवर पडला. तो पुसायला हात वर केला आणि पाठ धरली. पुढची वीस मिनिटं मी तिथेच पडून होतो. खालून माणसांची फक्त पावलं दिसतात. मुख्याध्यापकांचे बूट आले आणि बराच वेळ निरीक्षण नोंदवून गेले. मग बाबांच्या सपाता आल्या, थांबल्या, गेल्या आणि उशी घेऊन परत आल्या. वाकून त्यांनी ती माझ्या डोक्याखाली सारली आणि म्हणाले, विकून टाका. एवढंच. मला पाठीपेक्षा ते जास्त लागलं, हे तुला लिहायला हरकत नाही.

शेवटी मेकॅनिकला घरीच बोलावलं. हा माणूस गाडीशी जास्त आणि मालकाशी कमी बोलतो. त्याने ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली आणि उजेडात धरली. ऑइल कमी असेल असं आम्ही समजत होतो, तर ते वरच्या खुणेच्याही चार बोटं वर होतं. इतकं भरल्यावर सील कसं टिकेल, असं म्हणून त्याने शांतपणे विचारलं, ऑइल कोण घालतं? बाबा आणि मी दोघंही खडूचे गोल बघू लागलो.

झालं होतं असं. तुझ्या निकालानंतर मला धास्ती बसली, की ऑइलचा लाल दिवा लागायचा आणि नेमकी तू शेजारी बसलेली असायचीस. म्हणून दर रविवारी बाबा आंघोळीला गेले की मी गुपचूप पाव लिटर ओतायचो. (पट्टी बघत नव्हतो. बाबांची आंघोळ सात मिनिटांत उरकते.) आणि मी तो दिवा पाहीन आणि तुला कळवीन या भीतीने (हे त्यांचं म्हणणं) बाबा दर बुधवारी, मी ऑफिसात असताना, पाव लिटर ओतायचे. ते पट्टी बघायचे, पण एक चक्कर मारून आल्या आल्या. तेव्हा ऑइल सगळं वर इंजिनात असतं आणि पट्टी कोरडी दिसते. दहा मिनिटं थांबून बघायचं असतं, हे मेकॅनिकने त्यांना समजावलं. बाबांनी चौतीस वर्षं कारखान्यात लोकांना मोजमापं घ्यायला शिकवली आहेत. गळती सुरू झाल्यावर तर आम्ही दोघांनीही आपापली मात्रा दुप्पट केली होती.

मेकॅनिक म्हणाला, गाडीला काही झालेलं नाही, लाडाने बाळसं आलंय. त्याने जास्तीचं ऑइल काढलं, नवं सील बसवलं आणि गेला. गुरुवारी बाबा स्वतः गाडी घेऊन गेले, दोन डाव हरले आणि शीळ घालत परत आले. तेव्हा ही कुरकुर गाडीची धरायची की आमची, ते तू ठरव. मी मान डोलावलेली आहेच.

तुझा,
धाकटा

ता. क. नऊ दिवसांत नवा गोल काढावा लागलेला नाही, असं मुख्याध्यापक लेखी द्यायला तयार आहेत.

ता. क. येताना केकचा एक ट्रे आण, असा हिचा निरोप आहे. मोठा, चौकोनी.

ता. क. बाबा दुकानात जात नाहीत, मग त्यांना ऑइल कुठून मिळालं, हा प्रश्न मला काल पडला. डिकी उघडली. तळाशी, चादरीत गुंडाळलेला कॅन निघाला आणि त्यावर चिठ्ठी डकवलेली होती. माझ्या शाळेच्या वह्यांवर ज्या तिरक्या अक्षरात माझं नाव असायचं, त्याच अक्षरात लिहिलं होतं, 'बाबा, दर बुधवारी पाव लिटर. धाकट्याला सांगू नका, कुणीही विचारलं तर तो लगेच मान डोलावेल.' म्हणजे तू दारात चप्पल घालत होतीस तेव्हा कॅन डिकीत होता. गाडी विकण्याबद्दलचा तुझा निकाल आता कृपा करून पुन्हा एकदा कळव. आणि दहा मिनिटं थांबून पट्टी बघायची, एवढं त्या चिठ्ठीत खाली वाढवायला ये. तुझं अक्षर असलं की बाबा ऐकतात.