वेल्डनची शिरगणती

वेल्डन, थर्लो काउंटी, कॅन्सस
१२ एप्रिल १८८७

प्रिय थर्झाताई,

तुम्ही सगळे खुशाल असाल. एनॉसचा खोकला सोडला तर आम्हीही बरे आहोत. आई गेल्याची तार आली त्याला पाच महिने झाले. तेव्हापासून मी तीन पत्रं टाकली, तुझं एक अक्षर नाही. मी आईला पुरायला आले नाही याचा राग असणार. बर्फाने वाट बंद होती असं मी कळवलं होतं. तूर्त तेच धरून चाल.

इथे सगळं तेच. बारा मैल चाललं तरी झाड नाही, नुसतं आखूड गवत आणि वारा. ओढा नऊ मैलांवर सोलोनला, तोही जुलैत वाळूखाली जातो. आमची विहीर एकशे चाळीस फूट खोल. बादली वर येईपर्यंत शेजारच्या टॅगार्टबाईंची अख्ख्या गावाची निंदा उरकते. पण काउंटीचा बरोबर मध्य आमच्या चौकात पडतो, म्हणून काउंटीची कचेरी वेल्डनलाच राहणार, असं एनॉस म्हणतो. मध्य आमच्या ओढ्यात आहे, असं सोलोनवाले म्हणतात. जिथे कचेरी राहील तिथे रेल्वे येईल. दुसऱ्या गावात वर्षभरात गवत उगवेल. म्हणून दोन्ही गावं एकमेकांवर टपून आहेत. सोलोनचा गाडीवान टपालाची थैली फोडतो असाही एनॉसला संशय आहे. दुकानाबरोबर पोस्टही एनॉसच सांभाळतो, तेव्हा त्याला माहीत असणार.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे एक भाडेकरू आलाय, मिस्टर क्विगली. घरांवर बसवायचे विजेचे गज विकतो म्हणे. ताई, इथली निम्मी घरं मातीच्या ढेपांची, माणसाच्या डोक्याइतकी उंच. त्यांच्यावर वीज कशाला पडेल? आठ दिवसांत त्याने एकही गज विकला नाही. पण कुठलं घर कुणाचं, आत किती माणसं, हे वहीत उतरवून घेतो.

टॅगार्टबाई म्हणाल्या, "विजेचा धंदा करतो आणि मेला आभाळाकडे एकदासुद्धा बघत नाही! सोलोनचा हेर आहे, लिहून ठेव."

काल जेवताना त्याने मला सहज विचारलं, "पेलबाई, तुमच्या बहिणीचं घर कोणतं हो?" माझ्या हातातला काटा खाली पडला. मी म्हटलं, "ती ओहायोला गेलीय, येईल." एनॉसने टेबलाखालून माझा पाय दाबला.

तेव्हा ताई, तुझ्याकडे कुणी अनोळखी माणूस विचारायला आला, तर गेल्या हिवाळ्यात आम्ही काही दिवस वेल्डनला होतो, एवढंच म्हण. जास्त बोलू नकोस. का ते मग सांगीन. भावोजींना नमस्कार, मुलांना पापे.

तुझी,
ऑर्फा


वेल्डन
२९ मे १८८७

प्रिय ताई,

हे पत्र टॅगार्टबाई पोलक्यात घालून चाळीस मैलांवरच्या रेल्वे स्टेशनापर्यंत नेणार आहेत. वेल्डनच्या टपालात मी यापुढे काहीही टाकणार नाही. तिथला पोस्टमास्तर माझा नवरा आहे.

मागच्या मंगळवारी नाश्त्याला मक्याचा पाव मोडता मोडता एनॉस म्हणाला, "गोवर वाईट गं. तुझ्या धाकट्या भाच्याला तर कानात उतरला म्हणे."

म्हणे? कोण म्हणे? तुझं तर एकही पत्र आलं नव्हतं. तो गिऱ्हाइकाला विहिरीचा दोर मोजून द्यायला अंगणात गेला, तशी मी दुकानाच्या मागच्या खोलीत शिरले. पिठाची पोती उचकली, साखरेचा डबा बघितला. शेवटी खिळ्यांच्या पिंपात हात घातला. बोटं सोलवटली, पण सापडली. तुझी चार पत्रं, चारही फोडलेली. सोलोनच्या गाडीवानाला मी उगाच शिव्या घातल्या.

तिथेच जमिनीवर बसून वाचली. आई शेवटी माझं नाव घेत होती, ते पहिल्यात. गोवराचं तिसऱ्यात. आणि चौथ्यात तू विचारलंस, "आम्ही कॅन्ससात राहतो का, असं विचारणारा सरकारी कागद मला का आला?"

तर का, ते ऐक. काउंटी उभी करून कचेरी मिळवायची तर अडीच हजार माणसं राहती दाखवावी लागतात. नोव्हेंबरात शिरगणती होती आणि माणसं भरत नव्हती. एनॉस म्हणाला, "थर्झाला येच म्हणून सांगितलंय ना आपण? वसंतात येईलच. मग आज लिहिलं तर खोटं काय?" मला ते पटलं. पटवून घेतलं म्हण. तू, भावोजी आणि चार मुलं, सगळ्यांची वयं मीच सांगितली. शपथ देणारा अधिकारी परगावचा होता, तो मला ओळखत नव्हता. मी टोपडं पुढे ओढून त्याच्या समोर उभी राहिले, नवरा लाकडं आणायला गेलाय म्हणाले, बायबलवर हात ठेवला आणि सही केली. थर्झा मीकर. तुझा तो शेपटीवाला 'र' हुबेहूब काढला. लहानपणी तूच मला गिरवायला शिकवलं होतंस. तू वेल्डनला राहतेस असं लिहिल्यावर तुझी पत्रं ओहायोहून येताना दिसून चालणार नव्हती, म्हणून ती पिंपात गेली.

तो बुधवार होता. आदल्या दिवशी आई गेल्याची तार आली होती. वाट उघडी होती, ताई. बर्फ नव्हताच. मी निघाले असते, तर सही करायला कुणी उरलं नसतं.

हे इतके दिवस पोटात ठेवलं, आणखीही ठेवलं असतं. पण शुक्रवारी एनॉस बाहेर असताना क्विगली स्वयंपाकघराच्या दारात आला. टोपी हातात घेऊन म्हणाला, "पेलबाई, एक विचारू? या घरात एकाहत्तर वर्षांच्या आजीबाई राहतात. मला अजून दिसल्या नाहीत. आजारी आहेत का?"

मी म्हटलं, "कुठल्या आजीबाई?"

त्याने वहीतून एक घडी केलेला कागद काढला. मेहेटेबल हॅडली, विधवा, वय एकाहत्तर, मुक्काम वेल्डन. अक्षर एनॉसचं. तारीख आईला पुरल्यानंतरची.

तुमची सहा नावं मी दिली, ताई. आईचं मी दिलं नव्हतं.

क्विगली हेर नाही. सोलोनवाल्यांनी तक्रार केली म्हणून राजधानीहून पाठवलेला माणूस आहे. "सोलोनची यादीही काही धुतलेली नाही," तो म्हणाला, "पण मेलेली म्हातारी मला इथेच भेटली." मी त्याला खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं. तो लिहीत गेला. मध्ये एकदा थांबून म्हणाला, "बाई, हे तुमच्यावरही येईल." मी म्हटलं, "लिहा."

संध्याकाळी एनॉसला विचारलं. तो हिशेब समजावून सांगतात तसं म्हणाला, "ऑर्फा, चौदा नावं कमी पडत होती. आणि आई तर गेलीच होती. तिला काय त्रास झाला?"

अकरा वर्षं मी या माणसाच्या ताटात वाढतेय.

तुझ्याकडे विचारायला माणूस येईल. मागच्या पत्रात मी लिहिलं ते विसर. आम्ही कॅन्ससात पाऊलही टाकलं नाही, असं त्याला स्वच्छ सांग. मला वाचवायला जाऊ नकोस. तू जाशील असं नाही, पण तरी.

ऑर्फा


सोलोन, थर्लो काउंटी
१८ सप्टेंबर १८८७

प्रिय ताई,

पत्ता बघून चकित होशील. वेल्डनची यादी रद्द झाली. कचेरी सोलोनला गेली. त्यांचीही काही नावं खोडली, पण त्यांच्याकडे निदान पाणी आहे. मग माणसंही निघाली. जी घरं लाकडी होती ती ओंडक्यांवर चढवून बैल जुंपून गवतातून ओढत आणली, नऊ मैल. आमचं दुकान तीन दिवस रस्त्यात होतं. टॅगार्टबाई आपल्या घराबरोबर चालत आल्या, चूल आत पेटलेली, धुराड्यातून धूर निघतोय. मला म्हणाल्या, "तू बोललीस म्हणून ही वरात निघाली. पण पाणी वीस फुटांवर लागतंय हो, म्हणून माफ."

सगळ्यांनी माफ केलेलं नाही. दोघीतिघी समोरून आल्या की रस्ता बदलतात. वेल्डनमध्ये त्यांनी जे पैसे घातले ते मातीत गेले, आणि बोलण्याआधी सही मीही केली होती. त्या चुकत नाहीत.

एनॉसवर खटला भरायचा होता, त्याच्या आदल्या सोमवारी तो घोडा घेऊन पश्चिमेकडे गेला. तिकडेही म्हणे एक नवी काउंटी उभी राहतेय. जाताना विचारलं, "येतेस?" मी भांडी घासत होते. नाही म्हणाले. त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, त्यापेक्षा कमी वाटलं, आणि याचंच वाईट वाटतंय.

क्विगलीच्या सांगण्यावरून न्यायाधीशाने मला दंड करून सोडलं. दंडासाठी दुकानातला माल विकला. खिळ्यांचं पिंप पहिलं विकलं.

तुझं उत्तर आलेलं नाही. पण तुझ्याकडे आलेल्या माणसाने तुझी जबानी इथे पाठवली, ती मला वाचून दाखवली. तू खरं सांगितलंस आणि माझ्याबद्दल एक शब्दही जास्त बोलली नाहीस. त्याचा अर्थ काय लावायचा, हे मला कळत नाही. मी रोज नवा लावते.

सोबत एक कागद आहे. आईचं नाव आणि तुमची सहा नावं सरकारी दप्तरातूनही कायमची खोडायची तर त्यावर दोघी बहिणींच्या सह्या लागतात. खाली दोन रेघा आहेत. डावीकडे मी सही केलीय, माझ्या अक्षरात, जसं वेडंवाकडं आहे तसं. उजवीकडची रेघ तुझी आहे. तिला मी हात लावलेला नाही.

ऑर्फा