आजचे दोन तुकडे

२४ नोव्हेंबर १९८६, सोमवार

अकरावा दिवस. पाठ जळून राहिली. कुशीवर वळता येत नाही — उजवा पाय लोखंडी चौकटीला टांगलेला, पायथ्याशी दोरीला विटा बांधल्यात. विटा! वजन पुरेना म्हणून काल तिसरी आणली. त्या संत्र्याच्या मेटाडोरनं सायकलसकट एकदाचं चिरडून टाकलं असतं तर सुटलो असतो, असं जयवंतासमोर बोलून गेलो. बायको आहे, रडली. बोलायला नको होतं.

दादाला रोज एकच विचारतो, घरी कधी? "परवा." तो परवा येऊन गेला. मग दुसरा परवा. मोठा भाऊ आहे, म्हणून ऐकून घेतो. दादा सायकल काढून सौंसरला निघून जातो, मी इथंच.

२६ नोव्हेंबर

माझ्या टपालाच्या बीटवरचं शेवटचं ठिकाण म्हणजे हा मिशनचा दवाखाना. चार वर्षं सिस्टर रेमेची पत्रं मीच आणून दिली, फिलिपिन्सची तिकिटं लागलेली. आता तिच्याच दवाखान्यात पडून आहे. वेळ जात नाही म्हणून म्हटलं, सिस्टर, तुमची भाषा शिकवा. ती हसली. तिला मराठी पाहिजे, मला काहीतरी काम पाहिजे. सौदा झाला.

आता म्हणजे ङायोन. शाळेत ङ गिरवला होता, आज पस्तिसाव्या वर्षी कामी आला! काल — काहापोन. उद्या — बुकास. इथपर्यंत ठीक. पण या लोकांनी आजचेही दोन तुकडे केलेत. आज होऊन गेलेलं ते कानिना. आज व्हायचं आहे ते मामाया. माझी गफलत होते. सकाळचं इंजेक्शन टोचून झालं तरी मी मामाया म्हणालो, तर सिस्टर दुसरी सुई दाखवून राहिली.

शेवटी पोस्टाच्या हिशोबानं बसवलं. सकाळची थैली वाटून झाली — कानिना. दुपारची बस यायची आहे — मामाया. आता नाही चुकत.

२८ नोव्हेंबर

जयवंता चून-भाकर घेऊन आली. विचारते, "हे काहून शिकून राहिले तुम्ही? जायचं आहे का तिकडं?" मला राग आला. म्हणालो, इथं मराठीत सारे माझ्याशी खोटं बोलून राहिले. दादा, डॉक्टर, तू. या भाषेत अजून कोणी खोटं बोललं नाही.

मग डबा पुसत म्हणाली, "बुकास म्हणजे उद्याच ना?" हो म्हटलं. कुठून ऐकलं कोण जाणे.

२९ नोव्हेंबर

अंगठा काळा पडला.

१ डिसेंबर, सोमवार

वास येतो. माझाच. दादा आता उजव्या बाजूला बसत नाही, दाराशी उभा राहतो. डॉक्टरांनी त्याला नि जयवंताला बाहेर बोलावलं. मी कान टवकारले, पण त्यांनी दार ओढून घेतलं. पाच पावलांवरचं दार! पंधरा वर्षं रोज बारा कोस सायकल हाणली मी, आणि पाच पावलं जाता येत नाही. दोरी सोडायला हात लावला तर कळ मस्तकात गेली.

आत आले तेव्हा दादा म्हणाला, "काही नाही रे तुळशा, औषध बदललं." जयवंतानं माझ्याकडं पाहिलंच नाही.

सिस्टरनं जुनी पट्टी कातरीनं कापली. त्याला शब्द विचारला. पुतोल. पायाला पाआ.

३ डिसेंबर, बुधवार

सारं लिहून ठेवतो.

दुपारी सिस्टर रेमे नि तिच्याच देशाची सिस्टर पिलार आल्या. एरवी त्या आपसात लांब, खिडकीपाशी बोलतात. आज थेट माझ्या खाटेच्या कठड्याला टेकून. पाआ. पुतोल. बुकास. मला वाटलं मी गोंधळ करून राहिलो, म्हणून डोळे मिटून सारे शब्द रांगेत लावले. काहापोन नाही. मामाया नाही. सिस्टर पुन्हा तेच म्हणाली, सावकाश. बुकास.

उद्या पाय कापणार.

ओरडावंसं वाटलं. कोणावर ओरडू? पाय नसलेला पोस्टमन कोण ठेवतो? आणि ठेवला पाय, तर मी राहत नाही, एवढं मलाही समजतं. नाकाला समजून राहिलं तीन दिवसांपासून.

संध्याकाळी दादानं कागद पुढं केला, म्हणे औषधाची पावती आहे, सही कर. मी वाचलं. पावती नव्हती. सही केली.

मग जयवंताला विचारलं, उद्या काय आहे? "गुरुवार," म्हणाली. म्हटलं, माझे पाय धुऊन दे. तिनं कोमट पाणी आणलं. डावा धुतला. उजवा धुताना खूप वेळ लावला, तळव्यावरचा पॅडलचा घट्टा नखानं साफ केला. मला तिचा हात लागत नव्हता, दिसत होता.

६ डिसेंबर

दरवर्षी आजच्या दिवशी सौंसरला बाबासाहेबांच्या फोटोपुढं उभा राहतो. यंदा पडूनच हात जोडले.

९ डिसेंबर, मंगळवार

नसलेल्या अंगठ्याला खाज सुटते. विटा नेल्या. आज कुशीवर वळलो.

सिस्टर रेमेला म्हणालो, पेशंटच्या कानाशी असं बोलू नये, मला सारं समजलं होतं. ती म्हणाली, "तुमचा बायको आला होता. बोलली, माझ्या तोंडातून निघत नाही. तुम्हा सिस्टर लोकांची भाषा तो खरी मानते. जवळ उभं राहा, हळू बोला, दोन वेळा बोला."

जयवंता खाली बसून संत्रं सोलून राहिली आहे. तिला अजून काही बोललो नाही.

मामाया बोलीन. म्हणजे आजच.