पंधरा मिनिटांत दिलेलं उत्तर

सोमवार, ४ मार्च
दहा वाजून वीस. ऑपरेशन चालू असतानाच गाठीचा तुकडा तपासायला माझ्या लॅबमध्ये आला. लिफ्टचा मेकॅनिक, वय एक्केचाळीस, मेंदूत गाठ. तुकडा गोठवून कापला, रंगवला, पंधरा मिनिटांत पाहिला. पेशी राक्षसासारख्या, वेड्यावाकड्या. सर्जनना फोनवर सांगितलं, "सर्वांत वाईट प्रकार." ते म्हणाले, "मग खोलातलं राहू दे. वर्षभराच्या आयुष्यासाठी त्याचा हात कशाला लुळा करू?" डोकं शिवून टाकलं.

बुधवार, ६ मार्च
त्याच गाठीच्या, न गोठवता सावकाश बनवलेल्या पक्क्या स्लाइड आल्या. मनाला पटत नाही. इतक्या वाईट गाठीत मेलेला भाग दिसायलाच हवा — कुठेच नाही. आणि पेशींत हे चरबीचे थेंब कसले?
लॅबमधल्या मावशी म्हणाल्या, "आधी जेवा. स्लाइड कुठे पळून जात नाही." पळून गेली असती तर बरं!

गुरुवार, ७ मार्च
ही ती गाठ नव्हेच, दुसरीच आहे. सहसा पोरासोरांना होते, या वयात विरळाच. दिसायला अक्राळविक्राळ, वागायला त्या मानाने गरीब. पूर्ण काढली तर माणूस वर्षानुवर्षं जगतो.
पूर्ण काढली तर. अर्धी माझ्या शब्दावर आत राहिली आहे.

शुक्रवार, ८ मार्च
माझं मत न सांगता दोन डॉक्टरांना स्लाइड दाखवल्या. दोघांचंही तेच.
सर्जनना सांगितलं. ते पेनाच्या टोपणाची उघडझाप करत म्हणाले, "पुन्हा डोकं उघडायचं? त्याच्या बायकोला काय तोंड दाखवू?"
"तुम्ही नका सांगू. मी सांगते."

शनिवार, ९ मार्च
सांगितलं. बायको खाटेचा दांडा धरून उभी. "म्हणजे वर्षाचं जे बोलले, ते..."
"ते चुकलं. माझं चुकलं."
तो खाटेवरून माझ्याकडेच बघत होता. "पहिल्यांदा चुकलात. आता बरोबर कशावरून?"
तिघांनी पाहिलंय, म्हटलं. स्वतःलाच ते लंगडं वाटलं.
"विचार करून सांगतो."
मी दारापर्यंत गेले तर मागून — "बाई, तुमची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर झटका देते. दोर बघायला सांगा कुणाला तरी."

रविवार, १० मार्च
निरोप नाही. लिफ्टने गेले नाही, जिन्याने चढले.

सोमवार, ११ मार्च
होकार आला. सर्जन म्हणाले, अट एकच घातलीय — तुकडा बघायला त्याच बाई हव्यात.
का, असं त्यांनी विचारलं तर तो म्हणे, "माझ्या हातून एकदा लिफ्ट घसरली होती. तेव्हापासून प्रत्येक दोर दोनदा बघतो."