अकरा विहिरींची फाइल

बाबा, आधी झालं ते क्रमाने लिहिते.

१. तुमच्या वह्यांतली विहिरींच्या पाणीपातळीची सगळी मापं मी संगणकावरच्या एका फाइलमध्ये भरली.

२. अशा फाइलमध्ये आकड्यांच्या आधी मिती सांगाव्या लागतात, म्हणजे आकडे कशाकशाप्रमाणे मांडायचे ते, आणि प्रत्येक मितीची लांबी, म्हणजे तिच्यात जागा किती. ‘दिनांक’ मी मोकळी ठेवली, ती वाढत जाते. ‘विहीर’ची लांबी अकरा लिहिली.

३. वह्यांत विहिरी बारा आहेत.

बारावी गावाबाहेरच्या आपल्या वस्तीतली. तुम्ही भूजल कार्यालयासाठी रोजंदारीवर विहिरी मोजायचात, आणि कार्यालयाच्या यादीत ती कधीच नव्हती. यादीतल्या अकरा उरकून तुम्ही सायकलने घरी येता, चहाच्या आधी आपल्या विहिरीत टेप सोडता, आणि मी काठावर वही धरून उभी. यादीत नाही तर कशाला, असं मी एकदा विचारलं. “साहेबानं नाई लिवली म्हणून काय तिच्यातलं पानी आटून राह्यलं का? लिव, नऊ मीटर चाळीस.” मी लिहिलं. ते अक्षर वहीत अजून आहे, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली तरी.

अकरा हा आकडा टाकताना बारावी माझ्या पूर्ण लक्षात होती. मी कुठल्या वस्तीतली, हे कामावर मी कुणाला सांगितलेलं नाही. बारावी दिसली असती तर ती यादीत का नव्हती, हे कुणीतरी विचारलं असतं, आणि उत्तर मलाच द्यावं लागलं असतं.

गेल्या आठवड्यात गावात, ग्रामपंचायतीत, या फाइलवरून केलेला विहिरींचा नकाशा पडद्यावर दाखवला. तुमच्याबरोबर टेप धरणारे काका पुढेच बसले होते.

“बाई, आपली विहीर दिसून नाई राह्यली. बुजवली का तुनं?”

लोक हसले. मी म्हटलं, “काका, लांबी एकदा ठरली की मग बदलता येत नाही.”

“असन बा.” मग मागे वळून तेच इतरांना समजावू लागले, “मशीनचं असते ते. पोरीच्या हातात नाई.”

मी बोलले ते खरं होतं. त्या फाइलमधली लांबी बदलत नाही. पण बाराची नवी फाइल करून सगळे आकडे तिच्यात उतरवायला एक दुपार लागते. हे मी सांगितलं नाही. काका माझ्या वतीने बोलत राहिले आणि मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळत राहिले.

काल ती नवी फाइल केली. प्रत्येक विहिरीपुढे तिची नोंद कुठून आली, याची एक ओळ लिहायची असते. अकरांपुढे यादीतला क्रमांक आहे. बारावीपुढची ओळ कोरी आहे. ती लिहिली की खाली लिहिणारी म्हणून माझं नाव येतं. सोमवारी फाइल कार्यालयाला पाठवायची आहे. अकराची आणि बाराची, दोन्ही तयार आहेत आणि कोणती पाठवीन, हे मला आज खात्रीने सांगता येत नाही.

हे पत्र कुठे टाकता येत नाही, हे मला कळतं. तरी रविवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्या.